गावतलावासाठी फाउंडेशनचा पैसा कसा आणायचा

पहिलंच सांगून ठेवतो, जेसीबी मागायला जाऊ नका. फाउंडेशनचा माणूस समोर आला की गावाच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं, "साहेब, गाळ लगित झाला जी, आठ दिवस मशीन देऊन द्या." साहेब डायरीत लिहून घेतात, चहा पितात, गाडीत बसतात आणि पुढं काही हालत नाही. साहेब खोटे असतात असं नाही. त्यांना वर जाऊन चार प्रश्नांना तोंड द्यायचं असतं: तलाव कोणाचा, काम कोण सांभाळणार, फायदा कोणाला, आणि आपला पैसा संपल्यावर काय. या चारांची उत्तरं गावानं आधी स्वतःपाशी तयार ठेवली तर मशीनही मिळते. आणि पुष्कळदा मशीन लागतच नाही, असंही त्यातून निघतं.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका ढिवर मच्छिमार संस्थेचा सचिव. दोन एकर धान, बाकी पोट तलावावर. संस्थेचं दप्तर माझ्याकडे आलं ते माझं अक्षर बरं म्हणून. मग आजूबाजूच्या गावांतले लोकही अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले. त्यांना ओसरीवर बसून जे सांगतो तेच इथं लिहितो आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ज्यांच्या गावाला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, किंवा बोडी, म्हणजे लहान तळं, आहे, त्यांच्या कामाचं आहे.

तलाव कागदावर कोणाचा

गोंड राजांच्या काळात कोहळ्यांनी बांधलेले आपले तलाव पुढं मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, होते. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि १९५१पासून तलाव सरकारजमा झाले. आज १०० हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडे आहेत, त्याहून मोठे राज्याच्या खात्याकडे. काही बोड्या ग्रामपंचायतीच्या, काही चक्क खासगी. गावात कोणालाही विचारा, "आपलाच आहे" हेच उत्तर येईल. फाउंडेशनला ते चालत नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च केला तर त्यांचा ऑडिटर त्यांनाच धरतो.

म्हणून तलाठ्याकडून तलावाच्या गटाचा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना डोळे उघडे ठेवून वाचा. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकलांसाठी अर्ज टाका. महसूल संहितेत, म्हणजे १९६६च्या कायद्यात, कलम १६१ आणि १६५ मध्ये यांचा उल्लेख आहे, तो अर्जात लिहा. नाहीतर टेबलावरचा नवीन पोरगा "असं काही नसते" म्हणून परत पाठवतो. गुरांना पाणी, धुणं, माती, काठावरचं गवत, पाण्याच्या वाटा, मासेमारीची चाल, असं बरंच काही या जुन्या कागदांत सापडतं. आमच्याकडची नक्कल मोडीच्या वळणाच्या अक्षरात होती, शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी ती लावून दिली. महिनाभर लागतो, धीर धरा.

तलाव वनजमिनीत असेल तर वनहक्क कायदा २००६ बघा. त्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाणवठ्यातलं इतर उत्पन्न स्पष्ट लिहिलं आहे. दावा मंजूर असेल तर तो कागद सोन्यासारखा सांभाळा. मंजूर नसेल आणि तुम्ही गडचिरोलीकडचे असाल तर मेंढा-लेखाच्या लोकांना जाऊन भेटा, २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेलं गाव आहे ते.

आणखी एक कागद म्हणजे मासेमारीच्या ठेक्याचा. कोणाच्या नावानं आहे, कधी संपतो? ठेका बाहेरच्या ठेकेदाराकडे असेल आणि तुम्ही फाउंडेशनच्या पैशानं तलाव सुधारलात, तर पहिला मासा तोच काढून नेईल. आधी ठेक्याचा निकाल, मग अर्ज. यात मी कोणाचं ऐकत नाही.

पाणी का कमी पडतं ते शोधा

इथं घाई करू नका. सगळा अर्ज याच्यावर उभा राहतो.

तलाव लवकर आटतो याचा अर्थ लोक गाळ असाच लावतात. पण पाणी तीन तऱ्हांनी कमी पडतं. एक, ते येतच नाही. दोन, आलेलं थांबत नाही. तीन, थांबायला खोली नाही. गाळाचा संबंध फक्त तिसऱ्याशी आहे.

येत नाही म्हणजे येवा अडला. पावसाळ्यात दोन-तीन जोरदार पाऊस झाल्यावर छत्री घेऊन तलावाच्या वरच्या अंगाला चालत जा. जुना नाला कुठं वळवला, कोणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, उंच करून पाणी आपल्या बांधीत घेतलं, नवीन रस्त्याखाली मोरी टाकायची राहिली का, हे वाहत्या पाण्यातच दिसतं. उन्हाळ्यात नकाशा घेऊन फिरलात तर काही कळणार नाही. आमच्या शेजारच्या एका गावात डांबरी रस्ता झाल्यापासून तलाव भरत नव्हता. रस्त्याखाली दोन सिमेंटचे पाइप टाकल्यावर भरला. तिथं गाळासाठी लाखांचा अर्ज तयार करून ठेवला होता.

थांबत नाही म्हणजे गळती. पाऊस संपला की, साधारण कार्तिकात, तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, बंद करून पाण्यात एक बांबू रोवा आणि पाण्याच्या रेषेला खूण करा. आठ दिवसांनी परत बघा. आपल्याकडे हिवाळ्याच्या सुरुवातीला उन्हावाऱ्यानं आठवड्याला अंदाजे इंच-दीड इंच पाणी उडतं. त्या आठवड्यात कोणी इंजिन लावलं नसेल आणि तरी चार इंच उतरलं असेल, तर पाणी कुठून तरी पळतं आहे. तुडूमाच्या दगडांच्या फटी बघा. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, बाहेरच्या पायथ्याशी ओल कुठं आहे, भर हिवाळ्यात गवत हिरवं कुठं आहे, ते बघा. पाळीवर वाढलेल्या झाडाचं मूळ मेलं की आत पोकळी होते, खेकडे आणि घुशी तिथंच घर करतात. तुडूमाची दुरुस्ती गावच्या गवंड्यानं केली तर गाळ काढण्याच्या मानानं खर्च किरकोळ येतो, आणि फाउंडेशनला असं छोटं, डोळ्याला दिसणारं काम फार आवडतं.

आता गाळ. एप्रिलमध्ये पाणी कमी झालं की फुटांच्या खुणा केलेला बांबू घेऊन डोंग्यातून किंवा चालत दहा-बारा ठिकाणी खोली मोजा. तळाच्या मऊ गाळात बांबू किती जातो तेही लिहा. मग हिशोब सोपा आहे. एक हेक्टरवरचा एक फूट थर म्हणजे सुमारे ३,००० घनमीटर गाळ, ब्रासमध्ये सांगायचं तर हजाराच्या थोडा वर. तेवढा काढला तर तीस लाख लिटर पाण्याला जागा होते. ही दोन वाक्यं अर्जात लिहा. "लगित गाळ" यापेक्षा त्यांचं वजन जास्त पडतं.

पण सगळा तलाव खरवडायचा नाही. पाळीच्या पायथ्याजवळ खोदलं तर पाळ बसते. खाली मुरूम लागेपर्यंत गेलात तर पाणी जमिनीत जिरतं आणि तुम्ही स्वतःच्या हातानं चाळणी करून ठेवता. शिवाय वरच्या बाजूचा उथळ काठ तसाच राहू द्या. मासे अंडी तिथं देतात, पाखरं तिथं चरतात. गोंदिया जिल्ह्यात सारस उरला आहे तो अशाच उथळ पाण्याच्या आणि धानाच्या बांध्यांच्या भरवशावर.

त्या उथळ काठाची नोंद बायकांकडून करवून घ्या. आमची मोठी वहिनी लुगड्याचा काष्टा मारून गुडघाभर पाण्यात उतरली आणि एकेक वनस्पती उपटून पाळीवर मांडत गेली. ही कोवळी असली की मासा खातो. हिच्या पानाखाली अंडी चिकटतात. हिच्यात मरळ पिल्लं घेऊन बसते. ही गुरं खात नाहीत. हिचे कांदे आम्ही दुष्काळात खाल्ले. मी वहीत लिहीत होतो आणि फाउंडेशनची शिकलेली पोरगी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. शेवटी वहिनीनं काठावरच्या बेशरमकडे, त्या माजलेल्या झुडपाकडे, बोट दाखवलं, "अन् हे. हे कोनाच्याच कामाचं नाही." अर्जात पुढं ‘बेशरम निर्मूलन आणि स्थानिक पाणवनस्पतींची लागवड’ असं जे भारदस्त कलम आलं, ते त्या सकाळचं. आमच्याच तालुक्याच्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांना सोबत घेऊन हे काम आधी करून दाखवलं आहे. बेशरम काढायचं, तळ नांगरून स्थानिक वनस्पती लावायच्या, देशी मासे परत आणायचे. त्यांचं काम पाहून या, अर्ज लिहिण्याआधी.

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२च्या कायद्यानं ती असावीच लागते. तिची लोक जैवविविधता नोंदवही काढायला लावा. बहुतेक ठिकाणी ती कपाटात कोरी नाहीतर दुसऱ्याच गावची नक्कल मारलेली सापडेल. वहिनीची यादी तिच्यात चढवा, म्हणजे तिला सरकारी कागदाचा मान येतो.

ग्रामसभेचा ठराव

ठराव नसेल तर पुढं काही नाही. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी कमी असेल ती. २ ऑक्टोबरची सभा धरा. रोवणी आटोपलेली असते, कापणी लागायची असते. त्याआधीच्या महिला सभेत विषय घालून ठेवा. बायकांनी एकदा हो म्हटलं की मोठ्या सभेत पुढाऱ्यांचे फाटे कमी फुटतात.

ठराव मोघम नको. "तलावाचा विकास करण्यात यावा" असं लिहून आणलेले ठराव मी परत पाठवतो. असा लिहा: "गट क्रमांक अमुकमधील तलावाच्या तुडूमाची दुरुस्ती, बेशरम काढणे व वरच्या नाल्याची सफाई या कामांसाठी बाहेरील संस्थेचे सहाय्य घेण्यास ही सभा मंजुरी देते. कामाची देखरेख खालील नऊ जणांची समिती करील, पैकी किमान पाच महिला. गाव श्रमदान व रोख मिळून खर्चाचा दहावा हिस्सा देईल. निघालेला गाळ विकला जाणार नाही. काम झाल्यावर मासेमारीचा हक्क आज ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहील." शेवटचं वाक्य ढिवर, केवट, कहार यांच्यासाठी अगत्यानं घाला. तलाव चांगला झाला की त्याच्यावर डोळा ठेवणारे वाढतात.

ठरावाची प्रत घेऊन जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडून ना-हरकत मागा. गाळ काढायचाच असेल तर राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७पासून आहे, ती आधी विचारा. सरकार जे देतं त्यासाठी फाउंडेशनचा पैसा वाया घालवू नका. त्यांच्याकडून तेवढंच मागा जे योजनेत बसत नाही.

दार कोणाचं ठोठवायचं

नावाच्या शेवटी ‘फाउंडेशन’ किंवा ‘प्रतिष्ठान’ दिसलं म्हणून सगळे एकच नसतात.

पहिला प्रकार कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा पैसा. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं काहीही एक असेल, तिला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. कंपनी जिथं आहे त्या भागाला पसंती द्या असंही कायदा सांगतो. म्हणून मुंबईच्या पत्त्यांवर पत्रं टाकत बसण्यापेक्षा तिरोड्याची वीज, तुमसरचं मँगनीज, चंद्रपूरचा कोळसा आणि सिमेंट, असं जवळचं बघा. अडचण अशी की सीएसआरचा पैसा कंपनी आपल्या सहकारी मच्छिमार संस्थेच्या खात्यात सरळ टाकू शकत नाही. काम करणाऱ्या संस्थेकडे ‘१२ए’ आणि ‘८०जी’ या आयकराच्या नोंदण्या, ३ वर्षांचं काम आणि कंपनी मंत्रालयाचा सीएसआर-१ नंबर लागतो. हा नंबर २०२१पासून सक्तीचा आहे. तेव्हा असा नंबर असलेला जिल्ह्यातला विश्वासू ट्रस्ट शोधा आणि त्याच्याशी करारनामा करा. ट्रस्ट खरा आहे का हे धर्मादाय कार्यालयात कळतं: परिशिष्ट-१ चा उतारा मागा, विश्वस्तांची नावं जुळतात का बघा, मागच्या वर्षांची ऑडिट भरली आहेत का विचारा.

दुसरा प्रकार घराण्यांची किंवा देणगीदारांची धर्मादाय फाउंडेशन. यांचे नियम कमी, पण यांना माणसं पारखायची असतात, वेळ लागतो. ज्यांचा पैसा परदेशातून येतो ते तो दुसऱ्या संस्थेकडे वळता करू शकत नाहीत, २०२०च्या दुरुस्तीनं ते बंद झालं. ते स्वतः येऊन काम करणार असतील तरच बोलणं पुढं न्या.

तिसरा प्रकार सरकारनं कायद्यानं उभी केलेली प्रतिष्ठानं, आणि गावं याच दाराकडे सगळ्यांत कमी जातात. खाणीच्या टापूत असाल तर २०१५च्या दुरुस्तीनं झालेलं जिल्हा खनिज प्रतिष्ठान. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. पाणी आणि पर्यावरण दोन्ही त्यांच्या प्राधान्यात येतात. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये असाल, मग तो ताडोबा असो की २०१३मध्ये झालेला नवेगाव-नागझिरा, तर प्रत्येक प्रकल्पाचं व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान असतं. गावच्या ईडीसीमार्फत, म्हणजे परिस्थितीकीय विकास समितीमार्फत, जा.

हे कसं चालू शकतं ते बघायचं असेल तर कोकण बघा. तिकडं कांदळवन प्रतिष्ठान आहे, २०१५चं. खाडीकाठच्या गावांत २०१७पासून त्यांची उपजीविका योजना चालते: खेकडे पाळणं, कालवं, शिणाणे, शोभिवंत मासे, पर्यटन. गटानं केलं तर खर्चाचे ९० टक्के योजनेचे आणि १० टक्के गटाचे. एकट्यानं केलं तर ७५ आणि २५. बदल्यात गावची सहव्यवस्थापन समिती कांदळवन राखते. मी अभ्यासदौऱ्यात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत गेलो होतो. तिथं स्वामिनी गटाच्या बायका पाहुण्यांना होडीत बसवून कांदळवनातून फिरवतात आणि तिकिटाचा हिशोब स्वतः ठेवतात. होडी वल्हवता वल्हवता एक बाई आम्हाला झाडांची नावं सांगत होती, आणि आमच्यातला एक काकाजी मला हळूच म्हणाला, "आपल्या बाया तं याच्याहून जास्त सांगतील." समुद्र आपल्याकडे येणार नाही, खेकड्यांचा तो धंदाही आपल्या पाण्यात तसाच चालेल असं समजू नका. उचलायचं ते त्यांचं बोलणं: काठ आम्ही राखतो, तुम्ही आमच्या पोटाचं बघा, आणि आमचा हिस्सा हा घ्या.

दहा टक्के म्हटलं की गाव दचकतं. समजा काम ५ लाखांचं, तर हिस्सा ५० हजारांचा. त्यातला मोठा भाग श्रमदानात बसतो, फक्त मस्टर ठेवा, तारीख आणि सह्यांसकट. उरलेलं संस्था मासेविक्रीतून देते.

अर्ज

दोन पानं. तिसरं पान कोणी वाचत नाही. महापुरुषांची वचनं, "आमचं गाव निसर्गाच्या कुशीत वसलेलं", हे सगळं काढून टाका. पहिल्या चार ओळींत मुद्दा यावा, असा: "आमच्या तलावाचे पाणी पूर्वी होळीपर्यंत टिकत असे, आता पौषातच तुडूमाखाली जाते. आम्ही मोजले, गळती तुडूमातून आहे आणि वरचा नाला दोन ठिकाणी अडला आहे. तलावावर इतकी ढिवर कुटुंबे, इतके धानशेतकरी आणि गावची सगळी गुरे अवलंबून आहेत. दुरुस्तीला इतका खर्च येईल, त्यातला दहावा भाग गाव देते." आकडे तुमचे घाला आणि खरे घाला. कुटुंबं वाढवून सांगितली तर पाहणीच्या दिवशी उघडं पडतं.

अंदाजपत्रकात दर कुठून घेतला ते लिहा. गवंड्याचं कोटेशन, ट्रॅक्टरवाल्याचं कोटेशन, दोन-दोन तरी. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, टाकायची असेल तर कोणत्या केंद्रातून, कोणती जात, किती नग. इथं माझं मत ठाम आहे: सगळा तलाव कटला, रोहू, मृगळनं भरून टाकू नका. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, दरवर्षी बीज विकत आणावं लागतं, आणि ज्या वर्षी फाउंडेशन नसेल त्या वर्षी पैसे कुठून आणाल? देशी मासा आपला आपण वाढतो. थोडं हे, थोडं ते.

शेवटी एक परिच्छेद ‘तीन वर्षांनंतर’ याच्यावर. देखभाल निधी कुठून येईल, किलोमागं किती रुपये बाजूला पडतील, तुडूमाची चावी कोणाकडे. हा परिच्छेद ज्या अर्जात असतो तो ढिगातून वर येतो, हे मला एका फाउंडेशनच्या माणसानं चहाच्या टपरीवर सांगितलं होतं.

मध्यस्थ भेटतील. "वर ओळख आहे, मंजुरीचे दहा टक्के द्या." जिल्ह्याच्या ठिकाणी एकानं आमच्याकडेही मागितले होते. खरं फाउंडेशन अर्जाला पैसे घेत नाही. उठून यायचं.

पाहणीचा दिवस

हार, शाल, श्रीफळ, बँड काही नको. शाळेची पोरं उन्हात उभी करू नका. जेवायला घाला, ते आपल्याकडची रीत आहे. धानाचा भात आणि तलावातल्या माशाचा रस्सा. सरपंचांना पाच मिनिटं द्या आणि मग पाहुण्यांना थेट पाळीवर न्या. गळती दाखवा, बांबूच्या खुणा दाखवा, वही हातात द्या. बोलू द्यायचं ते तलावात उतरणाऱ्यांना. भांडण असेल, म्हणजे एखाद्या शेतकऱ्याला धुरा मोडायचा नाही असं काही, तर लपवू नका. त्यांना ते संध्याकाळपर्यंत कळतंच, आणि लपवलं हेही कळतं.

पैसा आल्यावर

या कामाचं वेगळं खातं काढा, तिघांच्या सह्या, त्यांत एक बाई. एका माणसाला एका दिवशी १०,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, ट्रस्टच्या ऑडिटमध्ये ते अडकतं. प्रत्येक बिलावर कामाचं नाव. काम सुरू होण्याआधी, मध्ये आणि नंतर एकाच जागेवरून फोटो. आम्ही त्यासाठी पाळीवर एका दगडाला चुना फासून ठेवला आहे. जमाखर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. लोक वाचत नाहीत म्हणतात, पण फळ्यावर पन्नास रुपयांची चूक राहिली तर दुपारपर्यंत घरी चार जण येतात. पुढचा हप्ता विनियोग प्रमाणपत्राशिवाय सुटत नाही, तेव्हा ते ट्रस्टच्या सीएकडून वेळेत करून घ्या.

वर्षाचं गणितही उलट बाजूनं मांडा. मातीकाम आणि तुडूमाचं काम एप्रिल-मेमध्येच होतं, मृगाआधी आटपावं लागतं. म्हणजे पैसा मार्चपर्यंत हवा, पाहणी जानेवारीत, अर्ज नोव्हेंबरात, ठराव २ ऑक्टोबरला, आणि येवा बघायला पावसाळ्यात फिरायचं. फेब्रुवारीत जागे झालात तर ते वर्ष गेलं समजा, आणि घाईत अर्ज टाकण्यापेक्षा ते जाऊ द्या.

नकार आला तर एक सभ्य पत्र लिहून कारण विचारा. बहुतेक जण सांगतात. "आमच्या टापूत बसत नाही" असं उत्तर असेल तर तोच अर्ज वरचं नाव बदलून दुसरीकडे चालतो. "मालकी स्पष्ट नाही" असं असेल तर परत तहसीलला. आणि "रक्कम मोठी आहे" असं असेल तर तुडूमाचं काम तेवढं वेगळं काढा. तेवढं तर संस्था आणि गाव मिळूनही करू शकतं, आणि ते झालेलं दाखवून पुढच्या कार्तिकात बाकीचं मागता येतं.